दोनशे बारावं वलय

४ मार्च

आले बाई एकदाची! खोली दुसऱ्या मजल्यावर, नळाला पाणी, शेजारीण बोलघेवडी. प्रयोगशाळा चालत दहा मिनिटांवर. काम झाडांची वलयं मोजायचं. खोडात गिरमिट फिरवून पेन्सिलीएवढी कांडी काढतात, ती पट्टीवर चिकटवून घासतात, की सूक्ष्मदर्शकाखाली वर्षं ओळीने दिसतात. पाऊस चांगला झाला तर रुंद वलय, दुष्काळात केसाएवढं. गाभ्यापासून सालीकडे मोजत जायचं आणि दर दहाव्या वलयावर सुईने टोचा मारायचा. दीडदोनशे वर्षांचं हवामान एका कांडीत! मला हे काम मनापासून आवडतं.

तीन महिन्यांत साहेबांचं समाधान झालं की मी कायम. मग चिमणीला आईकडून घेऊन यायचं. लेक आठ वर्षांची झाली आणि गेलं दीड वर्ष मी तिला फोनवरच वाढवतेय.

९ मार्च

पहिलं काम म्हणजे जुनी एक कांडी पुन्हा मोजणं. झाड तोडून तीस वर्षं झाली. माझ्या आधीच्या बाईंनी दोनशे अकरा वलयं नोंदवलीत, टोचेही त्यांचेच. मला दोनशे बारा मिळाली. साहेब म्हणाले, नवीन माणसाचं असं होतंच, पुन्हा मोजा. मोजली. दोनशे तेरा.

स्वतःचाच इतका राग आला की जेवले नाही.

१४ मार्च

दोनशे सतरा. एका वर्षाने चुकलं तरी सगळे दुष्काळ भलत्याच सालात जाऊन बसतात, हे साहेब मला तीनदा समजावून सांगतात. जसं काही मला कळतच नाही! दोनशे दहाचा टोचा जागच्या जागी आहे. त्याच्यापुढे एक वलय हवं, तिथे सात आहेत. सगळी सालीच्या बाजूला, केसाएवढी.

कांडी घासून देणारे पॉलिशकाका म्हणाले, आणा इकडे, आकडा सांगू नका, मी कोऱ्या डोळ्यांनी मोजतो. इथली पद्धतच आहे तशी: शंका आली की आधीचा आकडा माहीत नसलेल्याने मोजायचं. त्यांना दोनशे अठरा आली. नंतर मी मोजली तर दोनशे एकोणीस. साहेब म्हणाले, तुम्ही दोघं मिळून माझी थट्टा करताय का.

२१ मार्च

काकांनी नवा चष्मा केलाय. जुन्यातून अचानक दिसेनासं झालं म्हणे.

माझे गुडघे कुरकुरतात. कानांमागचे केस पांढरे झालेत. आईने फोनवर आवाज ऐकून विचारलं, तू आजारी आहेस का गं. चिडून म्हटलं, काही झालेलं नाही. चिमणीने विचारलं, कधी नेणार. म्हटलं, हा एक आकडा जुळला की लगेच.

दोनशे पंचवीस.

२६ मार्च

पाळी चुकली म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पन्नाशीला आलं की व्हायचंच हे. मी चौतीस वर्षांची आहे! कागदावरची जन्मतारीख दाखवली तर हसल्या, कोणीतरी चुकीची लिहिली असेल म्हणाल्या.

२७ मार्च

आधीच्या बाईंची वही कपाटात सापडली. पहिल्या पानावर एकशे एक्क्याऐंशी. खोडलेलं. एकशे ब्याऐंशी. खोडलेलं. असं दोनशे अकरापर्यंत. अक्षर सुरुवातीला मोत्यासारखं, शेवटी थरथरतं. त्या कुठे गेल्या म्हणून कार्यालयात विचारलं. म्हातारपणामुळे सोडून गेल्या, इथे सगळे त्यांना आजीबाई म्हणायचे. ओळखपत्र अजून खणातच होतं.

जन्मसालावरून त्या एकतीस वर्षांच्या.

म्हणजे पूर्ण मोजून झालं की त्या कांडीला एक वर्ष मिळतं. आणि ते ज्याचं जातं, तो—

मी मोजणार नाही. कोणीही मोजायची नाही.

२८ मार्च

साहेबांना सांगितलं. त्यांनी मला रजा घ्या म्हणून सांगितलं. कांडी जाळू द्या म्हटलं तर ओरडले, सरकारी नमुना आहे, हात लावाल तर याद राखा. नोकरी गेली तर चिमणी तिकडेच राहणार, हे कळतं मला. तरी उद्या राजीनामा देते, पण जाण्याआधी ती कांडी—

काकांना मोजू नका म्हणून विनवलं. ते मान डोलवत राहिले. मला वेड लागलंय असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

२९ मार्च

सकाळी नऊपासून साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर. राजीनामा मांडीवर. बारा वाजले. आत बैठक संपतच नाही. प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडेच असते, ती घेतल्याशिवाय हलायचं नाही.

आई आली! न कळवता. माझा आवाज ऐकून तिला राहवलं नाही. मला बघून भिंतीला धरून उभी राहिली. बहीण शोभते मी तिची.

चिमणी कुठे आहे विचारलं—

आई म्हणते, सकाळीच आलोय गं आम्ही, तू सापडेनास. पॉलिशकाकांनी साहेबांकडून किल्ली आधीच घेतली होती, त्यांनी प्रयोगशाळेत बसवलं. फार चांगला माणूस. तुझी नोकरी वाचवतो म्हणाला. त्याला कोरे डोळे हवे होते, आणि चिमणीला तर काहीच माहीत नाही. पटापट मोजते, दर वेळी एक जास्त येतं म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तिची तर मजाच चाललीये, म्हणते—

किती वेळा? आईला माहीत नाही. दहा, बारा—

उठता येत नाही पटकन, गुडघे—

प्रयोगशाळेचं दार उघडलं. कॉरिडॉरमधून एक मुलगी येतेय, माझ्याएवढी उंच. चिमणीचा फ्रॉक, शिवणीत उसवलेला. ती मला आई म्हणाली. म्हणते, जुळलं नाही गं अजून, पण आता मला जमायला लागलंय, फक्त अजून एक—