सोनुनआपांचा कोळसा

६ नोव्हेंबर, नारिन (परदेशातली सासुरवाडी)
सासूबाई सोनुनआपांच्या गुडघ्यांनी पुन्हा संप पुकारलाय. तरी आपा दिवसभर नमद्यावर, लोकर दाबून केलेल्या जाड कापडावर, ओणव्या! धाकट्या लेकीच्या लग्नाचा गालिचा महिनाअखेर शिवून व्हायला हवा.
शेजारची तुर्सुनाय, निवृत्त नर्स, रोज येऊन दुखण्याची सुई टोचते. 'पोटाला बाधेल,' मी म्हटलं. ती हसली. "जावई, पोटात जाते ती गोळी. मी टोचते कमरेखाली. तिथून पोटाकडे कोणता रस्ता?"

८ नोव्हेंबर
आपांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या — सुई असो की गोळी, औषध रक्तातून जठराच्या अस्तराला पोखरतंच. सुई बंद करा. न्याहारीआधी अर्धा तास ही कॅप्सूल. शौचाला काळं झालं तर आत रक्त वाहतंय समजा, तडक या.
आपांनी मान डोलावली. घरी सुई चालूच. कॅप्सूल घेतली चहा-नान झाल्यावर. "भाकरी तोडायच्या आधी औषध? आपण काय जनावरं आहोत?"
मला संस्कृतात जठराची सातही विभक्तींत रूपं येतात. उपयोग शून्य.

११ नोव्हेंबर
आपांच्या पोटात जळजळ. इथला पिढीजात उपाय — कोळशाच्या गोळ्या, दर दहा किलोंना एक. सात घेतल्या. (वजन खरं सांगितलं असेल तर.)

१३ नोव्हेंबर
काळं होतंय म्हणे! मी घाबरलो.
"कोळसा खाल्ल्यावर काय पांढरं होणार?" — आपा.
बुरुल आईच्या बाजूने हसली. बायको माझी, पण घर त्यांचं. मीही हसलो. तर्क निर्दोष होता.

१४ नोव्हेंबर
तरी मन खातंय. डॉक्टरीणबाईंना फोन लावला — 'आणा त्यांना.' आपा म्हणतात, गालिचा होऊ दे.
कोळशाचं पाकीट गुपचूप उचललं, माझ्या संस्कृत कोशामागे लपवलं. त्या फळीकडे या घरात कुणी फिरकत नाही.

१७ नोव्हेंबर
थकलो. दोन दिवस इथे नोंदही केली नाही. आपा फिकट दिसतात, भिंत धरून चालतात. तुर्सुनायला म्हणत होत्या — "टोच गं, दोनच फुलं शिवायची राहिलीत."

१८ नोव्हेंबर
सकाळी आपांना विचारलंच.
"अजून काळंच. कोळसाच तो, जावई."
बुरुलला रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं. कोशामागे हात घातला. पाकीट तिथंच. चार दिवस.