बॉयलरचं पुस्तक वाचायची नवी पद्धत

३ मार्च, सकाळी ६
बॉयलर अटेंडंटची परीक्षा २० तारखेला. माझी तिसरी खेप. पास झालो की फोरमनचं "ए हेल्पर" कायमचं बंद. आधी दोनदा नापास झालो त्यात माझी चूक नाही, वाचायची पद्धत चुकत होती. काल ट्रेनिंगच्या मॅडमनी सांगितलं : आधी पुस्तक चाळा, प्रश्न काढा, मग वाचा, मिटून आठवा, शेवटी कोणाला तरी शिकवा. आता मला कोण अडवतो!

५ मार्च
चाळलं. ३१२ पानं. चित्रं छान आहेत. दमलो.

८ मार्च
महत्त्वाचं तेवढंच हायलायटरने पिवळं करायचं. सगळंच महत्त्वाचं निघालं. सातव्या पानावर हायलायटर संपला.

११ मार्च
समासात प्रश्न लिहिले. 'हे खरंच विचारतात का?' 'लेखकाला घरदार नव्हतं का?' एका पानात चौदा प्रश्न पडले. प्रगती आहे.

१४ मार्च, दुपारी
पुस्तक मिटून आठवत बसलो. डोळेही मिटले. बायकोने चहाला उठवलं.

कामावर फोरमनने विचारलं, अभ्यास कुठवर आला? म्हटलं, आत मुरतोय.

१७ मार्च
बायकोला सेफ्टी व्हॉल्व्ह शिकवला. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "अहो, पण वाफ जास्त झाली हे त्याला कळतं कसं?" म्हटलं, मध्ये बोलू नकोस, लिंक तुटते. तिने पुस्तक ओढून घेतलं, वाचलं आणि मलाच समजावलं : वाफेचा जोर स्प्रिंगच्या जोरापेक्षा वाढला की व्हॉल्व्ह आपोआप उचलला जातो. मी चांगला शिक्षक आहे.

१९ मार्च
एकूण वाचून झाली २३ पानं. पण खोलवर. आज डोकं शांत ठेवणार.

२० मार्च, संध्याकाळी ५
हॉलमध्ये शिरलो तर प्रत्येक बाकावर पुस्तक! ताबडतोब तक्रार केली की सर, सगळे कॉपी करतायत. सर शांतपणे म्हणाले, "यंदा पुस्तक उघडून लिहायची परीक्षा आहे. हॉल तिकिटावर ठळक छापलंय. तुमचं पुस्तक कुठंय?"

तिकीट पंधरा दिवस खिशात होतं.

तीन तास बसलो. नाव आणि नंबर बरोबर लिहिला.

घरी बायकोने दारातच तिकीट मागून घेतलं, दोन्ही बाजूंनी वाचलं. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "चपला काढा, आत या."

एवढं मात्र पहिल्याच वेळी समजलं.