आईंच्या खोलीतली ओल

१८ डिसेंबर, गुरुवार, बडनेरा

आईंचा एक्स-रे चांगला आला. सासूबाई बार्शीटाकळीहून आमच्याकडे राहायला आल्यापासून खोकत होत्या, आणि महिनाभर माझ्या मनात नको तेच येत होतं. डॉक्टरांनी विचारलं, झोपायच्या खोलीत ओल आहे का? मी नाही म्हटलं. किती खात्रीनं म्हटलं.

घरी येऊन त्यांच्या खिडकीचा पडदा सरकवला. काचेवर पाण्याचे थेंब, चौकटीभोवती काळी बुरशी. पडद्यामागे सुतळी बांधलेली आणि तिच्यावर ओलं लुगडं.

"आई, हे इथं काहून वाळवता?"

"बाहीरच्या दोरीवर तुमचे कपडे रायते. माया लुगड्याची तुमाले अडचण कायले?"

थंडीमुळे त्या खिडकी लावून घेतात, हे माहीत होतं. लुगड्याचं नव्हतं. रोज ती खोली झाडते मी. पडदा एकदाही सरकवला नाही?

तोंडाला ओढणी बांधून साबणाच्या पाण्यानं चौकट घासली, काच कोरडी केली, खिडकी उघडी टाकली. थोडा काळा डाग राहिलाच. मग अंगणात जाऊन माझे ड्रेस एका कडेला सरकवले आणि म्हटलं, "आई, ही अर्धी दोरी तुमची."

त्यांनी आतून लुगडं आणलं, झटकलं आणि ऐसपैस पसरवलं. अर्ध्याहून बरीच जास्त दोरी घेतली, माझा एक ड्रेसही झाकला. मी तो तसाच राहू दिला. फार बरं वाटलं.