बाहीची पिन

१९ नोव्हेंबर १९९७, बारामती

तीन महिने वही उघडली नाही, चुकलंच. आज लिहिल्यावाचून सुटका नाही.

कळस गावचे तात्या विधवा सुनेला, सुमनला, घेऊन माझ्या लॅबमध्ये आले. दोन महिने तिचा ताप हटत नाही. ब्लाउजची बाही पिन लावून आवळलेली.

"जेवत न्हाय, नुसती नाटकं," तात्या म्हणाले.

"नाटकानं बाही ढिली हुती व्हय, मामंजी?"

दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचा एचआयव्हीचा रिपोर्ट मीच तात्यांच्या हातात दिला. रिपोर्ट घरातल्या मोठ्या माणसाकडे द्यायचा, ही आपली रीत. तेव्हा तात्या म्हणाले, "सुनंला सांगू नगा, माहेरी निघून जाईल." मी मान डोलावली. नवरा जाईपर्यंत वर्षभर ती त्याच्याजवळच राहिली. सगळ्यांना टीबी सांगितला.

आज तिनं विचारलं, "भाऊ, मला बी टीबीच का?" तात्या माझ्याकडे टक लावून बघत होते. मी "बघू" म्हणालो. रक्त काढताना तिनं पिन सोडून दातात धरली.

तेव्हाच सांगितलं असतं तर? मी शब्द पाळला, की तिचा घात केला? संध्याकाळी रक्त तपासलं. तिलाही तेच आहे. ती पिन डोळ्यांपुढून हलत नाही.

उद्या: तात्यांना बाहेर बसवून रिपोर्ट सुमनच्याच हातात देणे.