दोन्ही डबे एकाच दिवशी

४ फेब्रुवारी, बुधवार

आज पुन्हा फरशीवर पाणी! फिश टँकचा दुसरा फिल्टर मी पहिल्यालाच जोडला होता — पहिल्या फिल्टरच्या डब्यातलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं टँकमध्ये. सासरे म्हणाले होते, प्रत्येक डब्याला स्वतःच्या दोन नळ्या द्या, एक पाणी घेणारी, एक सोडणारी. ऐकलं नाही. दिवसभर ऑफिसात इमारतींच्या पाइपांचे नकाशे काढणारा मी, घड्याळं दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या माणसाचं काय ऐकणार! जोड निसटला, गालिचा चिंब झाला. सासऱ्यांनी फडकं आणून दिलं. तेच जास्त झोंबलं.

५ फेब्रुवारी

चार नळ्या लावल्या. दोन्ही डबे गुमान चालू.

८ फेब्रुवारी, रविवार

सासरे सकाळपासून टँकसमोर. इथे राहायला येताना त्यांनी कपड्यांशिवाय दोनच गोष्टी आणल्या — अवजारांची पेटी आणि हे नऊ गोल्डफिश. आज मला नियम समजावून सांगितला. एका महिन्यात एकच डबा धुवायचा, दुसरा पुढच्या महिन्यात. तोही टँकमधून बादलीत काढलेल्या पाण्यात, नळाखाली कधीच नाही. स्पंजात म्हणे उपयोगी जिवाणू असतात, माशांची घाण तेच पचवतात. नळाच्या पाण्यातल्या औषधानं ते मरतात. एक डबा धुतला की दुसऱ्यातले सांभाळून घेतात.

मी हो हो केलं. लक्ष मोबाइलमध्ये.

नंतर हिनं स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, काल बाबांनी पुन्हा गॅस चालूच ठेवला. दुसऱ्यांदा. हिच्या दादाचं म्हणणं, आणखी एकदा असं काही झालं तर त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं. ही म्हणते, बाबा तिथे महिनाभरसुद्धा टिकणार नाहीत. मलाही तसंच वाटतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

ही बाहेर गेलेली, सासरे दुपारचे झोपलेले. दोन्ही डबे उघडले, स्पंज बाथरूमच्या नळाखाली खसाखसा धुतले. नव्यासारखे निघाले! त्यांचा नियम आठवत होता, पण म्हटलं, म्हातारपणीचे चोचले. ते उठायच्या आत सगळं जागच्या जागी.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पाणी दुधाळ झालंय. चार मासे मेले. बाकीचे वर येऊन तोंडं उघडतायत. हिनं विचारलं, "फिल्टर कोणी धुतले का?"

मी म्हणालो, "बाबांनी धुतले असतील."

असतील! जिभेवरून कसं सुळकन गेलं. सासरे स्टुलावर बसले होते. माझ्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या हातांकडे. "मी धुतले?" तेव्हाच बोलायला हवं होतं. मी जाळी घेऊन मेलेले मासे काढत राहिलो.

२० फेब्रुवारी

दादाचा फोन आला. वृद्धाश्रमात जागा आहे, एक तारखेला घेऊन या म्हणतात. आज मासे गेले, उद्या घर पेटेल, असं तो म्हणाला. ही रडत रडत हो म्हणाली. मी शेजारीच बसलो होतो.

२१ फेब्रुवारी

लाज वाटते. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

सासरे रोज सकाळी थोडं थोडं पाणी बदलतायत. उरलेले पाच मासे वाचले ते त्यांच्यामुळेच. पण आता त्यांना स्वतःचाच भरवसा राहिलेला नाही. पाणी बदललं की मला हाक मारून दाखवतात, "बघा हो, बरोबर केलंय ना?" आज दात घासले का, तेही मलाच विचारलं. तारखा लिहिलेला एक कागद टँकला चिकटवलाय. अक्षर अजून मोत्यासारखं. हा माणूस नखाएवढे स्क्रू चिमट्यानं बसवायचा आणि मी त्याची ही अवस्था केली. चार माशांपायी नव्हे, माझ्या टीचभर अब्रूपायी.

ही त्यांच्या कपड्यांवर नावाच्या पट्ट्या शिवतेय. वृद्धाश्रमाच्या धुलाईत कपडे हरवू नयेत म्हणून. मला सुईत दोरा ओवून मागितला. दिला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सांगून टाकलं. सकाळी, दोघांच्या समोर. दोन्ही डबे मीच धुतले, नळाखाली, बाबा झोपलेले असताना.

हिचे डोळे भरून आले. माझा हात धरून म्हणाली, "किती करशील रे त्यांच्यासाठी?"

आणि सासऱ्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "माझ्यासाठी खोटं बोलू नका, जावईबापू. मला आठवतंय ना सगळं. पाणी फार गार होतं."