जाळीतल्या काकडीची नर फुलं

मंगळवार, संध्याकाळ. सरस्वतीपुरम.

गच्चीवर वेलांना जाळी लावली, आत मधमाशी येत नाही, म्हणून रोज कॉफी झाली की ब्रश घेऊन वर जातो. नर फुलातले पराग मादी फुलाला लावायचे, एवढंच काम. पण तीन आठवडे एक नर फूल नाही. बोटाएवढ्या काकड्या पिवळ्या पडून गळतायत. बियाणंच खराब दिलं असणार, असं धरून येलवालच्या नर्सरीवाल्याला मी चार माणसांत खोटारडा म्हणालो.

आज आक्का देवळात गेली होती, म्हणून देवघरात दिवा मी लावला. देवीच्या फोटोवर पिवळी फुलं. मागे काकडी नसलेली, म्हणजे माझी नर फुलं, ओळीने.

म्हणजे ही माझी मोठी बहीण रोज पहाटे आंघोळ करून वर जाते आणि खुडते. ती आल्या आल्या ओरडलो.

"अय्यो, सुम्ने, उगाच का ओरडतोस? मागे काकडी असलेल्या फुलाला मी बोट लावत नाही. रिकामीच घेते."

रिकामी म्हणे.

"गेल्या वर्षी तूच म्हणालास, ती फुकटची, देवाला घे."

म्हणालो होतो. तेव्हा जाळी नव्हती, मधमाश्या होत्या, थोडी नर फुलं गेली तरी चालायचं. पण यंदा एकदा विचारायला काय झालं होतं? आणि मी तरी कुठे सांगितलं?

उद्या येलवालला जाऊन माफी मागायची. जेवताना आक्काने बाजारची काकडी सोलून, मीठ लावून ताटात वाढली. खाल्ली. चांगली लागली, याचाच जास्त राग येतोय.