धनसिंगचं पान

१२ जुलै १९९९, धुळे

कॉम्प्युटर क्लासच्या रिकाम्या तासात इंटरनेटवरचं पान लिहायला घेतलं. 'धनसिंग, घरी ये.' मराठीतच. इंजिनिअरिंग सोडलं म्हणून वडिलांनी, नानांनी, माझ्या धाकट्या भावाला सगळ्यांदेखत मारलं. होळीनंतर धना गेला तो गेलाच. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला. पण त्याला कॉम्प्युटरचं वेड! कुठेही असो, पडद्यासमोरच असेल.

१४ जुलै

माझं पुस्तक जुनं निघालं. पानं लिहायच्या नव्या एचटीएमएल भाषेत अक्षरांचा आकार, रंग सगळं वेगळ्या स्टाइलशीटमध्ये लिहायचं. म्हणजे मुलांना शिकवते तेही जुनं! पुन्हा पहिल्यापासून. डोळे चुरचुरतात.

२० जुलै

एक्सप्लोरर ब्राउझरमध्ये पान सुरेख दिसतं. नेटस्केपमध्ये धनाचं नाव म्हणजे नुसत्या फुल्या नि टिंबं! फॉन्ट पानासोबत पाठवायची सोय आहे, पण एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. क्लासचे मालक पितांबर सर— "कस्तुरा मॅडम, सरळ इंग्रजीत लिहा ना." इंग्रजीत काय लिहू? घरात कधी त्याला इंग्रजीत हाक मारली?

२१ जुलै

काही जमलं नाही. थकले.

२ ऑगस्ट

आईला क्लासवर आणलं. नाना खाली रस्त्यावरच उभे राहिले. आईनं पडद्याच्या काचेवरून पानावरच्या धनाच्या फोटोला हात लावला.

"हाई बठ्ठासले दिसी का वं?"

म्हटलं, सगळ्यांना नाही, ज्याच्याकडे एक्सप्लोरर आहे त्याला दिसेल.

"आनि धनाकडे काय शे?"

मी नेटस्केपची फाइल पुन्हा उघडली.

११ ऑगस्ट

दोन्ही ब्राउझरसाठी दोन वेगळ्या फाइली केल्या. नेटस्केपमध्ये शिरोरेषा तुटकी येते, पण वाचता येतं. एकदाचं! सर्च इंजिनांत नोंदवलं. खाली माझा ईमेल. आनंद व्हायला हवा होता. नुसती झोप येतेय.

१२ ऑगस्ट

काल रात्री जेवताना नाना एकदम म्हणाले, "त्या पानवर लिख— नानानी चूक व्हयनी."

आई वाढता वाढता थांबली. मी मान खालीच ठेवली. आज सकाळी क्लासवर जाऊन ओळ घातली. दोन्हीकडे तपासली.

५ सप्टेंबर

कुणाचाच ईमेल नाही. आता उघडून बघायचाही कंटाळा.

१९ सप्टेंबर

आला! रोमन अक्षरांत मराठी— "अक्का, मी सुखरूप आहे. नानांची ती ओळ काढून टाक. सगळं जग वाचतंय."

नानांना वाचून दाखवलं. म्हणाले, "ती ओळ ऱ्हाऊ दे."